दाखला

मी पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. राहायला रोह्याजवळ, वरसे गावात. रोज एस.टी.ने नागोठण्यावरून जाऊन-येऊन करायचे.

चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील मिठागरावर कामाला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती बांधावर बसून बापाला आणि त्याच्या सोबत्यांना पेपर वाचून दाखवायची. जोडाक्षरांना अडखळायची नाही. आदल्या दिवशी काय वाचलं ते वर्गात येऊन सांगायची. मी तिला पुढे बोलावून इतर मुलांना धडा वाचून दाखवायला लावायचे.

त्याच सुमारास गावात घराघरांत टीव्ही आले. पालक येऊन सांगायचे, जाहिरातीतली एवढीशी पोरं कशी फडाफडा इंग्रजी बोलतात. मग पेणच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात येऊ लागली. जूनमध्ये वर्गातली मुलं कमी झालेली असायची. मी हजेरीत नावांवर रेघ मारायचे.

एके दिवशी त्या मुलीची आई आली. पाय मिठाने पांढरे पडलेले. पोरीला पेणच्या इंग्रजी शाळेत घालायचंय, दाखला पाहिजे म्हणाली. मी तिला बसवून सांगितलं, पोर हुशार आहे, तिला आपल्या भाषेत शिकू द्या, इंग्रजी पुढे येईल. नेहमीचं बोलणं होतं, मला पाठ झालेलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमची पोरगी मराठी शाळेत हाय का?"

"नाही," मी म्हटलं.

माझी मुलगी रोह्याला इंग्रजी शाळेत जात होती. हे तिला ठाऊक असावं. मी दाखला लिहिला, मुख्याध्यापकांची सही आणली, शिक्का मारला. लाज वाटायला हवी होती. पण त्या वेळी पावणेपाचची गाडी मिळेल का, एवढंच डोक्यात होतं.

नव्या शाळेत त्या मुलीला दोन वर्ग खाली बसवलं. पुढे एकदा ती पेणच्या बाजारात आईबरोबर दिसली. पेपर वाचतेस का, मी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करतात, असं आईने सांगितलं. मुलगी मला 'मॅडम' म्हणाली.

आमच्या शाळेत शेवटी चार वर्गांत मिळून अकरा मुलं उरली. एका वर्षी त्यांना गणपतीच्या मूर्तींचे कारखाने दाखवायला पेणजवळच्या जोह्याला नेलं. एका शेडमध्ये ती मुलगी मूर्तीच्या सोवळ्याला पिवळा रंग देत बसली होती. मोठी झाली होती. तिने मला ओळखलं, पण उठली नाही; हातात ब्रश होता.

मुलांना तिने रंग कसा कालवतात ते दाखवलं. एकीने विचारलं, "ताई, तू कितवीपर्यंत शिकलीस?"

"नववी," ती म्हणाली. "मग नाय जमलं."

मी काहीतरी बोलेन म्हणून ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मुलांना मी रांगेत उभं केलं आणि थांब्याकडे निघाले.