वैनीचं शेवटचं गाणं आणि आहेराची रांग

आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष परदेशात मुलाकडं राहून आले आणि येताना ऑपेरा घेऊन आले. तिथं त्यांनी एक इटालियन शोकान्त ऑपेरा पाहिला होता. नायिका छातीच्या आजारानं खंगते, प्रियकर उशिरा पोचतो, ती गात गात मरते. भाषेचं एक अक्षर कळलं नव्हतं, पण अध्यक्षांना रडू आलं होतं. आपल्या संगीत नाटकात आणि ह्यात फरक एवढाच, ते म्हणाले, की तिथं मधी बोलत न्हाईत. यंदा जत्रेला ऑपेरा करायचा असं ठरलं.

भाषांतर माझ्याकडं आलं. बेळगुंदीकडच्या आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. विषय इतिहास होता, पण गावाच्या हिशेबी डिग्री म्हणजे डिग्री. इटालियन येत नाही म्हटल्यावर अध्यक्षांनी विचारलं, मग बेळगावला काय शिकायला गेलतास? यावर पुन्हा 'येत नाही' म्हणणं मला जमलं नाही. मोबाइलवर इंग्रजी मजकूर मिळाला, तो मराठीत आणून साकी-दिंडीच्या चालीत बसवला. मला त्याची लाज वाटत नाही. सीमाभागात मराठी टिकवण्यावर भाषणं करणारे पुष्कळ आहेत. इटलीच्या बाईला मराठीत गाऊन मारणारा मी एकटाच.

नायिका झाली माझी वैनी, थोरल्या भावाची बायको. गल्लीत हळद असो, बारसं असो, गायला तिलाच बसवतात. आणि दुसऱ्या कडव्याला कोणीतरी तिला उठवतं, कारण पाव्हणं आलेलं असतात आणि चहा टाकायचा असतो. लग्न होऊन आल्यापासून तिनं एकही गाणं शेवटपर्यंत म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भूमिका घेताना तिनं एकच विचारलं.

"भावजी, शेवटचं गाणं पुरं म्हणायला मिळंल न्हवं?"

मी लेखक म्हणून शब्द दिला. लेखकाच्या शब्दाला मंडळात किती किंमत असते हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पहिली हरकत आमच्या आईची आली. सवाशीण बाई जत्रेत स्टेजवर मरणार? कमिटी बसली. आई शेवटी एका अटीवर आली: मरू दे, पण मोकळ्या कपाळानं न्हाय. त्यामुळं लग्न न झालेल्या त्या इटालियन बाईला कुंकू, हिरवा चुडा आणि मंगळसूत्र आलं. अध्यक्ष म्हणाले, त्यांच्यातबी असंल तसं कायतरी. प्रियकराचं काम विम्याच्या एजंटाकडं होतं. तालमीत नायिका खोकली की तो आसपासच्यांकडं पॉलिसीचा विषय काढायचा.

खरी अडचण आहेराची. आमच्याकडं नाटक चालू असताना पाहुणे स्टेजवर येऊन नटाला आहेर करतात. माइकवर नाव पुकारतात, नट भूमिका सोडून टॉवेल-टोपी घेतो, नमस्कार करतो, फोटो होतो, आणि तो पुन्हा राजा होतो. कुणालाच ते वावगं वाटत नाही. ऑपेरात आहेर होणार नाही असं अध्यक्षांनी जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि येताना साड्या घेऊन आले.

संध्याकाळी डेअरीला दूध घालून माणसं आली आणि मंडप भरला. शेवटचा प्रवेश सुरू झाला. वैनी खाटेवर, अंगावर घोंगडी. पहिलं कडवं झालं आणि मंडपात लहान पोरं सुद्धा गप्प झाली. दुसऱ्या कडव्याला माइकवरून सोसायटीच्या चेअरमनचं नाव पुकारलं गेलं. त्यांचा पुढं दुसऱ्या गावात सत्कार होता. ते साडी घेऊन वर चढले, तसे मागं राहायला नको म्हणून भावकीतले, माहेरचे, सगळेच उठले. वैनी डोळे मिटून गातच राहिली. मग फोटोग्राफर म्हणाला, वैनी, जरा हिकडं बघा. आवाज थांबला. पेटीवाला एकच सूर धरून बसला.

तिनं विंगेत माझ्याकडं पाहिलं. मी अध्यक्षांकडं पाहिलं. ते म्हणाले, वर्गणी दिलेली माणसं हाईत, दुखवून कसं चालंल?

पहिल्या ओळीतून आई उठली. तिच्याही हातात साडीची पिशवी होती. मी मनात म्हटलं, झालं, संपलं. आई पायऱ्या चढली आणि वरच्या पायरीवर ऐसपैस बसली. रांग तिच्या मागं अडकली.

"माझी सून मरायला लागलीया," ती म्हणाली. "तिला धड मरू तरी द्या."

चेअरमन वर एकटेच सापडले. आक्का, मला पुढं कार्यक्रम हाय, ते हळूच म्हणाले.

"मग ऱ्हावा हुबं. मेल्यावर घाला."

ते साडी धरून खाटेशी उभे राहिले. परगावच्या लोकांना ते नायिकेचे वडील वाटले, आणि त्यांचं काम आवडलं.

वैनीनं दुसरं कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तिसरं म्हटलं, चौथं म्हटलं. शेवटचा सूर तिनं घाई न करता सोडला आणि मान टाकली. विम्याचा एजंट खरोखर रडला.

लगेच माइकवर नावं सुरू झाली. अध्यक्षांनी विंगेतून खुणावलं, आता उठा. वैनी उठली नाही. मग काय करणार, लोकांनी प्रेतालाच आहेर केले. साडीवर साडी पडली, चेअरमननी प्रेताशेजारी हसत फोटो काढला. सगळ्यात शेवटी आईनं आपली साडी तिच्या अंगावर घातली आणि कानाशी वाकून विचारलं, "झालं न्हवं समदं गाणं म्हणून?"

"व्हय," मेलेली वैनी म्हणाली.