फिल्म आवाराबाहेर नेऊ नये

"पैसे भरून मागवली ना फिल्म? मग आपली काहून नाही?" प्राचार्यांनी विचारलं. मी सोबत आलेला अटींचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी नागपुरातल्या एका कॉलेजात लायब्रेरियन होतो. आमच्या मेश्राम मॅडम शिकवता शिकवता पीएच.डी. करत होत्या. त्यांना हवा असलेला एक जुना प्रबंध फक्त परदेशातल्या एका लायब्ररीत होता. तिथून त्याची मायक्रोफिल्म आली. म्हणजे पानांचे बारीक फोटो असलेलं रीळ. नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही, रीडर मशीन लागतं. सोबत अटी होत्या: फिल्म लायब्ररीच्या आवाराबाहेर नेऊ नये, प्रत काढू नये, मुदतीत परत करावी.

मशीन आमच्याकडे नव्हतं. शहरात एका संस्थेच्या लायब्ररीत होतं, पण ते लोक ते बाहेर देत नसत. इकडे मॅडमची प्रबंध सादर करायची मुदत संपत आली होती. ती चुकली की नोंदणी रद्द, सगळी वर्षं पाण्यात.

"मले तर काही समजूनच नाही राहिलं, सर," मॅडम म्हणाल्या. मला तरी कुठे समजत होतं?

"साहेब, फिल्म त्या संस्थेत नेली तर चालेल का, असं परदेशी पत्र टाकून विचारू का?" मी प्राचार्यांना म्हटलं.

"अजिबात नाही. विचारलं तर परत मागतील!"

शेवटी महाल भागातल्या एका फोटोग्राफरचा एन्लार्जर आणला. निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं ते यंत्र. फोटोपेपरच्या जागी कोरा कागद ठेवला, पडदे ओढले. कागदावर फिकी, थरथरती अक्षरं उमटली. मला तर नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात प्राचार्य आले. "ही प्रत झाली ना?"

"नाही साहेब, नुसता उजेड आहे."

मॅडम त्या उजेडातलं एक कोष्टक पेन्सिलीनं गिरवत होत्या. "आणि हे?" प्राचार्यांनी बोट दाखवलं.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

"मी इथं आलोच नव्हतो," म्हणून प्राचार्य निघून गेले.

मॅडमनी सगळं रीळ असंच डोळे ताणून वाचलं आणि त्यांचा प्रबंध वेळेत गेला. फिल्म परत पाठवताना मात्र मला राहवेना, मी आमची शंका लिहून टाकली. उत्तर आलं: मशीन असलेल्या कुठल्याही लायब्ररीत खुशाल न्यायची होती. हातानं टिपणं काढायला मनाई कधीच नव्हती.

मी असा चिडलो! पत्र मॅडमना दाखवलं. नव्या चष्म्यातून त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आधीच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं जी?"

नियम कळला नाही की तो कडकच असणार, असं आपण धरून चालतो. विचारायला एक टपालाचं तिकीट लागलं असतं. न विचारण्यात मेश्राम मॅडमचे डोळे अधू झाले.