काकींच्या गाडीचा क्रँक

इस्लामपूरच्या दूध डेअरीत रोज भेटणाऱ्या काकींचं नाव मला अजून ठाऊक नाही. जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलवरून त्या दुधाच्या किटल्या आणतात आणि गाडी बंद करण्याआधी मान कलती करून इंजिनाचा आवाज ऐकतात.

एकदा ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. मेकॅनिकनं इंजिन खोललं, तर क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, बेरिंग पार झिजलेलं.

"काकी, आता गाडी भंगारात घाला," तो म्हणाला.

"गाडी चांगली हाय रं. क्रँक तेवढा गेलाय."

तो जड क्रँक पिशवीत घालून त्या एसटीनं सांगलीला गेल्या आणि लेथवाल्यासमोर दिवसभर बसून त्यांनी तो दुरुस्त करून घेतला. गाडी जोडेपर्यंत दूध डोक्यावरून आणलं.

"आता किती टिकंल?" मी विचारलं.

"ऑइल कमी पडू दिलं न्हाई, तर माझ्यापेक्षा जास्त," म्हणाल्या आणि त्यांनी किक मारली.