पाणभुंगेऱ्याच्या पायावरचे तीनशे बारा जीव

सत्तरच्या दशकात मी चिंचवडच्या एका कारखान्यात पाणी तपासायचो. पाळ्यांची नोकरी, सुट्टी गुरुवारची. त्यातून सुटायचा एकच रस्ता होता: संशोधनावरची एम.एस्सी. ती झाली की पुण्यातल्या एका कॉलेजात माझी जागा जवळजवळ नक्की होती.

विषय होता पाणभुंगेऱ्यांच्या पायांना देठाने चिकटून राहणारे सक्टोरियन. हे एकपेशीय जीव एकदा चिकटले की जागा सोडत नाहीत. जवळ आलेलं भक्ष्य अंगावरच्या बारीक नळ्यांनी शोषून घेतात. जात ओळखायची ती मुख्यतः या नळ्यांवरून.

दर गुरुवारी कुरुळीच्या तळ्यावर भुंगेरे धरायचे, काठावरच फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकायचे आणि एस.टी.ने माझ्या मार्गदर्शक सरांच्या प्रयोगशाळेत न्यायचे. सर मुळात कीटकांचे अभ्यासक, बाटलीची पद्धत त्यांचीच. चार वर्षांत मी तीनशे बारा जीव मोजले. सगळ्यांच्या नळ्या आखूड, खुंटांसारख्या. सर म्हणाले, नवी जात आहे. प्रबंध टाइपही झाला.

मग एका गुरुवारी बाटली घरी विसरली. एक भुंगेरा ओल्या शेवाळात गुंडाळून जिवंतच नेला. सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या लांबलचक, दोन झुबक्यांत पसरलेल्या. पुस्तकातली जुनीच जात. फॉर्मेलिनचा एक थेंब सोडला. नळ्या आत ओढल्या गेल्या आणि समोर माझी नवी जात.

पुढचे तीन गुरुवार तेच करून पाहिलं. अठरापैकी अठरा.

सरांनी ऐकून घेतलं. "अहो, परीक्षकांनी तरी हे जिवंत कधी पाहिलेत?"

"मी पाहिलेत, सर."

"मग बसा पाळ्या करत. पुन्हा मोजायला तीन वर्षं लागतील. जागा थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

थांबणार नव्हती. प्रबंध मी परत घेतला.

घरी सांगितलं. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे गुरुवारी आता घरीच?"

"हो."

"मग दळण तुम्ही आणा. चार वर्षं मीच वाहतेय."

काळेवाडीच्या गिरणीत माझा नंबर अकरावा होता. डबा खाली ठेवून मी मनात आकडेमोड केली. निवृत्तीला बावीस वर्षं. गुरुवार अकराशे चव्वेचाळीस. पुन्हा करून पाहिली, तेवढेच आले.