एकोणिसाव्या मार्गाचे चढ

मी इंग्लंडला कधी गेले नाही आणि आता जाईन असंही वाटत नाही. पण तिथल्या डोंगराळ भागातून सायकलीवरून कुठून कसं जावं, हे मी त्या देशातल्या माणसांना दोन वर्षं सांगत होते, तेही नवी मुंबईत महाप्याच्या एका गाळ्यात बसून. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा करून मी नोकरी शोधत होते आणि सायकल सहलींच्या पुस्तिका काढणाऱ्या एका इंग्रज कंपनीचं काम आमच्या छोट्याशा ऑफिसला मिळालं होतं. तिकडून कुरियरने नकाशे यायचे. आम्ही सहाजण त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून मार्ग आखायचो.

काम ऐकायला सोपं होतं. मोठा रस्ता टाळायचा, गल्लीबोळातून न्यायचं, वाटेत एखादं जुनं चर्च, दगडी पूल, समुद्र दिसणारी जागा गाठायची. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, काय बघायचं ते एका पानावर लिहायचं. बघितलेलं काहीच नव्हतं, तरी नकाशावर झाडी, पाणी आणि उंचावरची मोकळी जागा जवळजवळ दिसली की मी बेधडक ‘विलोभनीय दृश्य’ असं इंग्रजीत ठोकून द्यायचे. सगळ्यात शेवटी मार्गाची प्रत लिहायची: सोपा, मध्यम किंवा अवघड. त्या प्रतीवरून लोक ठरवणार होते की आपल्याला हा झेपेल की नाही.

घरी आम्ही तिघं, मी, आई आणि आबा. कोपरखैरण्याला चौथ्या मजल्यावर आमचं घर होतं, इमारतीला लिफ्ट नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यात तीस वर्षं पोस्टमन होते. जावळीच्या अंगाला डोंगरात विखुरलेल्या वाड्या त्यांच्याकडे होत्या. रस्ता असेल तिथवर सायकल, पुढे खांद्यावर पिशवी घेऊन पायी. रिटायर झाले आणि दोन वर्षांत हृदयाने दगा दिला. जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यावर ते घरातच अडकले. तपासणीपुरतं महिन्यातून एकदा खाली उतरायचं, एरवी खिडकीशी खुर्ची टाकून बसायचं. त्यांची चिडचिड व्हायची आणि ती ते आईवर काढायचे, हेही सांगायला हवं.

त्यांना विरंगुळा म्हणून मी ऑफिसातले वाया गेलेले प्रिंट घरी आणायला लागले. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा असतात, त्या कशा वाचायच्या ते मी एका संध्याकाळी त्यांना शिकवलं. मला कॉलेजात ते समजायला एक सेमिस्टर लागलं होतं. आबा म्हणाले, “म्हंजे रेघा जवळ आल्या की छाती फुटायची आन् लांब गेल्या की शीळ घालत जायचं. एवढंच ना?” एवढंच होतं. मग रोज मी घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, “आज कुठला डोंगर आणलास?” डेव्हन नावाच्या परगण्यातल्या गल्ल्या त्यांना आमच्या सोसायटीच्या गेटपेक्षा जास्त पाठ झाल्या.

एकोणिसावा मार्ग माझा होता. समुद्राकाठच्या एका खेड्यातून निघून कड्यांच्या मागच्या बारीक रस्त्यांनी दुसऱ्या खेड्यात जाणारा. मला तो फार आवडला होता. मी त्यावर ‘सोपा’ लिहिलं होतं आणि खाली आणखी एक ओळ माझ्या पदरची घातली होती: वयस्कर सायकलस्वारांसाठीही योग्य. साहेबांनी सही केली, पान तयार कागदांच्या फाईलमध्ये गेलं.

आबांनी त्या प्रिंटवरून बोट फिरवलं. मध्येच थांबले, परत पहिल्यापासून फिरवलं.

“ह्याला सोपं कुणी म्हटलं?”

“मीच. सगळ्यात उंच जागा एकशे चाळीस मीटर आहे आबा. आपल्या घाटापुढे काय ते? टेकाड!”

“घाट बरा गं,” ते म्हणाले. “घाट एकदा चढला की झालं, पुढचा उतार तुझाच. हितं बघ, वढा आला की खाली नेतोय, लगेच वर आणतोय. सात वढं हायेत. जेवढं मिळवलं तेवढं दर खेपेला घालवायचं. असल्या वाटंला माझी पिशवी निम्म्यातच जड व्हायची. म्हाताऱ्या माणसाला हितं पाठवतीस?”

मी कागदाच्या मागे बेरीज केली. सात चढ मिळून आकडा सातशे मीटरच्या घरात गेला.  आमचा ऑफिसातला नियमच चुकलेला होता. मार्गावरची सगळ्यात उंच जागा घ्यायची, त्यातून सगळ्यात खालची वजा करायची, तो म्हणजे चढ. आम्ही सहाही जण घाटमाथ्याच्या आसपासचे. चढ म्हटला की डोक्यात घाट. एकदा चढायचा, एकदा उतरायचा. ऑफिसमागच्या पारसिकच्या डोंगरापेक्षा बुटक्या त्या इंग्रजी टेकड्यांना आम्ही सहाजण मिळून हसलो होतो.

“उद्याच्या उद्या सांग सायबाला,” आबा म्हणाले.

मी सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी माझे प्रोबेशनचे सहा महिने संपत होते. आबांची पेन्शन औषधांत जात होती, घर माझ्या पगारावर चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर भीती एवढीच नव्हती. ऑफिसात मी हुशार समजली जात होते आणि ते मला फार गोड वाटत होतं. दुसऱ्या दिवशी घरी आल्या आल्या आबांनी विचारलं तेव्हा मी चप्पल काढता काढताच म्हणाले, “केलं दुरुस्त.”

“काय लिव्हलंस?”

“अवघड.”

“आन् ते म्हाताऱ्यांचं?”

“काढून टाकलं.”

त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे नवा डोंगर मागितला नाही. मी आणलेले कागद ते उशाशी ठेवून द्यायचे. तब्येतीमुळे असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या आठवड्यात त्यांची तपासणी होती. वाशीला हॉस्पिटलात कार्डिओग्राम काढला, औषधं बदलून घेतली, रिक्षाने परत आलो. कार्डिओग्राम काढणारा माणूस म्हणाला होता, “काय नाय हो, सावकाश चढवा जिना.” पहिला मजला बरा गेला. दुसऱ्या मजल्याच्या आधीच्या वळणावर आबा भिंतीला टेकले आणि खालीच बसले. त्यांना बोलता येईना. कपाळावर घाम, ओठ पांढरे. एका हाताने त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुखत होतं. शेजारच्या बाईंनी खुर्ची आणली, पाणी आणलं. चार मजले चढायला आम्हाला पाऊण तास लागला. प्रत्येक वळणाला मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला दिसत होता कुणीतरी परका म्हातारा, चौथ्या ओढ्याच्या चढावर सायकल धरून उभा असलेला, खिशात माझा कागद. त्याला मी सांगितलं होतं, तुम्हाला झेपेल. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं, आठ दिवस गप्प बसले होते तेही. साहेब मुंबईत वाढलेले, एका दमात तीन वाक्यं बोलणारे. त्यांनी आधी फाईल मागवली, पट्टी घेऊन स्वतः सातही चढ मोजले.

“च्यायला,” ते शेवटी म्हणाले. “मी मूळचा वाईचा. मलापण हे टेकाडच वाटलं. छापायला गेलं नाय अजून, नशीब आपलं. तू आता टेन्शन घेऊ नको, कागद घे.”

त्यांनी त्याच दुपारी इंग्लंडला फॅक्स केला. तीन दिवस आम्ही सहाजण सगळे मार्ग नव्याने मोजत बसलो. अकरा पानांवरची प्रत बदलली. माझं कायम होणं तीन महिने पुढे ढकललं गेलं. चुकीसाठी नव्हे, लपवल्यासाठी, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं. मला ते योग्यच वाटलं, पण आईला सांगताना रडू आलं.

मग मी आबांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले. “आबा, त्या दिवशी मी खोटं बोलले होते. तेव्हा काहीच दुरुस्त केलं नव्हतं. आता साहेबांना स्वतः सांगितलं, तेव्हा कुठे झालं.”

“म्हायती हाय मला,” ते म्हणाले.

“कसं?”

“चप्पल काढायच्या आत उत्तर दिलंस.”  मग त्यांनी जे सांगितलं ते आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

“एकदा वरच्या वाडीची तार आली. वैशाख होता. दोन वाड्या करून मी दमलो होतो. ती वाडी म्हंजे एकच घर, एकटी बाई, आन् तिथं जायचं म्हंजे दोन तासांचा चढ. मी तारंवर ‘घर बंद’ लिव्हलं आन् खालीच झाडाखाली झोपलो. दुसऱ्या दिवशी गेलो वर. तिला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवली. पोरगा मुंबईच्या दवाखान्यात हाय, ताबडतोब निघा. ती निघाली, पोचली. पोरगा आदल्या रात्रीच गेला होता.”

आबा थांबले नाहीत.

“निघायच्या आधी तिनं माझं पाय धरलं. म्हणाली, एवढ्या उन्हात माझ्यासाठी वर आलात.”

“मग तुम्ही सांगितलं नाही तिला? नंतर कधी?”

“न्हाई.” आबांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावर आलं. “ती फुडं लई वर्सं जगली. महिन्याला एक-दोन खेपा पडायच्या तिकडं. दर खेपंला मला बसवून घ्यायची, च्या करायची. मी प्यायचो.”