डॉक्टरला मी सांगितलेला साप

गेली सात वर्षं मी एकच गोष्ट सांगत फिरतेय, आणि त्यातला एक भाग दर वेळी गाळतेय. तो आजवर कुणी ऐकलेला नाही. नवऱ्याने नाही, सख्ख्या बहिणीने नाही. आज सांगते. पण जरा माझ्या पद्धतीने सांगू द्या — सरळ त्याच्यावर गेले तर मी मधूनच परत फिरेन. माझी मला खात्री नाही.

मी भोईवाड्यात राहते, एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि साप पकडते. सर्पमित्र. वनखात्याचं कार्ड आहे माझ्याकडे. लालबागला टॉवरच्या खड्ड्यात, वरळीला चाळीच्या मोरीत, कुठे साप निघाला की फोन येतो — मॅडम, लवकर या. मी जाते. साप पिशवीत गेला की टाळ्या, सेल्फी, वर्षातून एकदा शाल-श्रीफळ. आणि तोच साप आम्हाला चावला तर? तर तुमचं तुम्ही बघा. विमावाले म्हणतात, तुम्ही हौसेने धोका घेता. हौसेने! तुमच्या बाथरूममधला नाग मी हौसेने काढते होय?

सापाच्या विषावर औषध एकच, ती लस. मोठ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. म्हणजे असेल तेव्हा मिळते. बाहेर विकत घ्यायची तर एका बाटलीने भागत नाही, दहा लागतात, कधी वीस. आमच्यातला कुणी रिक्षा चालवतो, कुणी कुरियर टाकतो. त्यांनी कुठून आणायची? छोटी नर्सिंग होमं ती फारशी ठेवतच नाहीत, कारण महाग पडते आणि वापराविना मुदत संपते. ज्या शहरात दहा मिनिटांत केक घरपोच येतो तिथे ही तऱ्हा. माझं डोकं फिरतं. ह्यात मी काही खोटं बोलतेय का?

नाही. शब्द न् शब्द खरा आहे. म्हणूनच तर ते माझ्या इतकं कामी आलं.

आता संजयबद्दल. आमच्याच चाळीतला, खालच्या मजल्यावरचा, मालवणकडचा. आम्ही त्याला संज्या म्हणायचो. दहा वर्षं आम्ही जोडीने साप पकडले — काठी त्याची, पिशवी माझी. मी चिडले की तो हसायचा, म्हणायचा, "तुला चावला तर सापच मरायचा गं." संज्या साप चावूनच वारला. सभांमध्ये मी त्याचा फोटो धरते आणि सांगते, भर परळमध्ये, एका नर्सिंग होममध्ये ह्या माणसाला पुरेशी लस मिळाली नाही. डॉक्टरने वेळेवर दिली नाही. लोक हळहळतात. मंत्र्याच्या पीएसमोरही मी हे बोललेय, आवाज चढवून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या कशा असतात ते मला विचारा.

कारण आम्ही त्या नर्सिंग होममध्ये गेलोच का? चाळीपासून दोन पावलांवर मोठा सरकारी दवाखाना होता. हा प्रश्न सात वर्षांत मला एकाही माणसाने विचारला नाही. त्याचाही मला राग येतो, काय सांगू. कुणी तरी विचारायला हवं होतं.

झालं असं. लालबागच्या एका साइटवर रेतीच्या ट्रकमधून मण्यार आली होती. काळीभोर, अंगावर पांढरे बारीक पट्टे, अगदी देखणी. नियम असा की पकडलेला साप कळवायचा, नोंदवायचा आणि लगेच जंगलात सोडायचा. घरी ठेवणं गुन्हा. पण सोमवारी माझ्याच शाळेत मुलांसमोर सापांची माहिती द्यायची होती, आणि मला वाटलं, जिवंत मण्यार दाखवली तर काय वजन पडेल! सगळेच ठेवतात हो दोन-तीन दिवस. वर कुणी बोलत नाही इतकंच. भोकं पाडलेल्या बरणीत घालून ती माझ्या पोटमाळ्यावर ठेवली. संज्या म्हणाला होता, "सोडून येऊया गं." मी म्हटलं, गप रे, सोमवारी सोडू.

शनिवारी सकाळी बरणी साफ करायची म्हणून मी त्याला वर बोलावलं. झाकण त्याने काढलं. करंगळीला चावली.

मण्यारीचं असं असतं की चावलेलं दुखत नाही. सूज नाही, रक्त नाही, दोन टिंबं दिसली तर दिसली. संज्या हसतच होता. मी पहिलं काय केलं असेल? त्याला टॅक्सीत घातलं? नाही. आधी बरणी बंद केली, मग पोटमाळ्यावर जुन्या चादरीखाली सरकवली. मग टॅक्सी. आणि टॅक्सीवाल्याला नर्सिंग होमचं नाव सांगितलं, कारण सरकारी दवाखान्यात सर्पदंश म्हटला की पोलिसांत नोंद होते, मग साप कुठला, कुठे सापडला, तुमच्या घरी कसा. माझं कार्ड त्याच महिन्यात नवं होऊन आलं होतं. शाळेतली नोकरीही होती.

तिथे ड्युटीवर डॉ. स्नेहल म्हणून मुलगी होती. वयाने लहान, पण कामाला नीट. तिने विचारलं, साप पाहिला का? कोणता होता?

कवड्या, मी म्हटलं.

कवड्या म्हणजे काय ते सांगते. चाळीत भिंतीवर पाली खायला येतो तो. बिनविषारी. दिसायला थेट मण्यारीसारखा, तसेच पांढरे पट्टे. साधा माणूस दोघांत हमखास चुकतो. आम्ही चुकत नाही, त्यासाठीच तर ते कार्ड. डॉक्टरने माझं कार्ड पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही सर्पमित्र आहात म्हणून बरं. आमच्याकडे लस थोडीच आहे, खात्री नसताना उघडता येत नाही." आणि संज्याकडे वळली. संज्याने माझ्याकडे बघितलं. माझं कार्ड, माझी नोकरी, सगळं त्याला माहीत होतं. म्हणाला, "हो मॅडम, कवड्याच."

तो माझ्यासाठी बोलला. मी कुणासाठी बोलले?

मी स्वतःला म्हणत होते, कधीकधी साप चावतो पण विष सोडत नाही, तसंच असेल. बघू तासभर. तास गेला, दोन गेले. दुपारी त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. झोप येतेय म्हणाला, मग बोलणं जड झालं, मग थांबलं. डॉ. स्नेहल धावत आली आणि मला पुन्हा विचारलं. मी काय म्हटलं ते शेवटी सांगते. तिने माझं ऐकलं नाही. स्वतःच्या हिमतीवर होती नव्हती ती सगळी लस लावली, मोठ्या दवाखान्यात फोन केला, गाडीत त्याच्याबरोबर स्वतः बसली, हाताने श्वास देत राहिली. संज्या वाटेत गेला.

संध्याकाळी अख्खी चाळ नर्सिंग होमच्या दारात उभी होती. लस का नव्हती? उशीर का केला? एकाने तिच्या अंगावर हात टाकायचा तेवढा बाकी ठेवला. मी पायरीवर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले, "लस कमी होती." खापर तिच्या डोक्यावर फुटलं, तिचं म्हणणं त्या गोंगाटात कुणी ऐकून घेतलं नाही. तिने नोकरी सोडली, कुठे गेली ठाऊक नाही. मण्यार मी रविवारी जाऊन सोडून आले. संज्याची आई अजून मला हात जोडते. म्हणते, "बाय, तू होतंस म्हणान माझो झील हास्पिटलापर्यंत तरी पोचलो." मी तिचे हात खाली करते आणि पुढच्या सभेला जाते.

आता राहिलेलं सांगते.

मण्यारीचं विष चढलं की माणूस बेशुद्ध होत नाही. डोळे उघडत नाहीत, जीभ हलत नाही, पण ऐकू सगळं येतं. हे मला माहीत होतं. मी शाळाशाळांतून शिकवते ते. मी पलंगाजवळ त्याचा हात हातात घेऊन बसले होते. डॉक्टरने विचारलं, "नक्की कवड्याच होता ना? आठवून सांगा, अजून वेळ आहे." तेव्हा संज्याने माझं बोट दाबलं. जोर नव्हता, पण दाबलं. परत दाबलं.

मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "नक्की."