आवडाबाईची उरलेली किडनी

नवऱ्यानं टाकलं तेव्हा आवडाबाई तिशीच्याही आत होती. मूलबाळ नव्हतं. ती चिकलठाण्याला माहेरी आली आणि तिथलीच होऊन राहिली. भाऊ काकासाहेब तिच्यापेक्षा धाकटा, तिच्याच कडेवर वाढलेला. पुढं कारखान्यांशेजारच्या त्यांच्या जमिनीचे प्लॉट पडले, घरात पैसा खेळू लागला. बहिणीचा हक्क सोडून घ्यायची वेळ आली तेव्हा आवडाबाईनं दाखवलं तिथं अंगठा उठवला आणि येताना गुलमंडीच्या बाजारातून आईला पातळ घेऊन आली. भावाचं ते आपलंच, यात तिला कधी शंका आली नव्हती.

काकासाहेबानं शहरात, उस्मानपुऱ्यात बंगला बांधला. म्हातारी आई दगडाबाई आणि दोन म्हशी जुन्या घरी राहिल्या. त्यांचं करायला आवडाबाई राहिली.

चाळिशीतच काकासाहेबाच्या किडन्या साखरेनं पोखरल्या. घरातल्या कुणी एक दिली तर माणूस वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. भावजयीचा रक्तगट जुळत होता, पण तिच्या पदरी लेकरं होती. थोरला पोरगा कैलास हातापायानं धडधाकट होता, पण त्याचं लग्न व्हायचं होतं. चुलतभाऊ फकिरा तर भेटायलाच येईनासा झाला. आवडाबाईला असं कुणी विचारलं नाही. दगडाबाई तेवढी एक दिवस तिच्या शेजारी येऊन बसली.

"तुला मागं ना पुढं कुणी," म्हातारी म्हणाली. "त्याच्या जिवावर सगळं घर हाय."

आवडाबाई म्हशीची धार काढत होती. तिनं नुसती मान डोलावली.

दवाखान्यातल्या साहेबांनी तिला एकटीला बसवून विचारलं, कुणी बळजबरी तर केली नाही ना. ती म्हणाली, नाय. ते खोटंही नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. काकासाहेबाच्या तोंडावर तेज आलं. एका किडनीवर माणूस सुखानं जगतो, डॉक्टरांनी आवडाबाईला समजावून सांगितलं, फक्त दरसाल लघवी-रक्त तपासायचं, ब्लडप्रेशर बघत राहायचं आणि दुखण्यावरच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. पहिल्या वर्षी भावानं तिला नेलंही. पुढच्या वर्षी गाडीत पाहुणे होते. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं आठवण केली तर तो म्हणाला, पुढच्या बारीला जाऊ आक्का. तो स्वतः महिन्याच्या महिन्याला त्याच दवाखान्यात जात होता. गाडीत मागची सीट रिकामीच असायची. पण बोलावल्याशिवाय जाऊन बसणं तिला जमलं नाही.

म्हातारी अंथरुणाला खिळली. तिला उचलून, फिरवून आवडाबाईचे गुडघे गेले. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून ती गोळ्या आणायची. डॉक्टरांचं बोलणं आठवायचं, पण गोळी नाही घेतली तर उठताच यायचं नाही, आणि ती उठली नाही तर म्हातारीचं कोण करणार. दगडाबाई तिच्याच हातांवर गेली. त्यानंतर आवडाबाईच्या तोंडाला सूज दिसू लागली. दम लागायचा, अन्न नको वाटायचं. सरकारी दवाखान्यात दाखवलं तेव्हा उरलेली किडनीही संपत आली होती. ब्लडप्रेशर कितीतरी वर्षं वाढलेलं असणार, तिथली डॉक्टरीण म्हणाली. इतके दिवस कुठं होतात, असंही तिनं विचारलं.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा हवं होतं, पण मशीन कमी आणि माणसं उदंड, तिच्या वाट्याला दोनदा आलं. मधल्या दिवसांत अंगात पाणी साठायचं. तहान लागली तर घोट मोजून प्यायचा.

एक दिवस ती बंगल्यावर गेली. किडनी मागायला नव्हे. तिनं एवढंच म्हटलं की मला तुझ्या दवाखान्यात दाखव.

काकासाहेब म्हणाला, "आक्का, सरकारीत तुझं फुकट होतंय. मशीन दोन्हीकडं सारखीच असती."

"मग तवा तू का नाय गेलास तिथं?"

भावजय चहा आणते म्हणून उठून गेली. कैलास मोबाईल बघत होता, तो मान वर न करता म्हणाला, "आत्या, दान केलंय न तुम्ही. केलेलं दान बोलून दाखवू नाय."

चहा आला. तिला अर्धाच कप चालत होता. तोही तिनं तसाच ठेवला.

भाऊबीजेला काकासाहेब साडी घेऊन जुन्या घरी आला. आवडाबाईनं पाट मांडला नाही की निरांजन लावलं नाही. त्या दिवशी डायलिसिसची पाळी होती, ती पिशवी घेऊन निघालीच होती. चल, सोडतो म्हणाला. तिच्या पायांत चालण्याचं बळ नव्हतं, म्हणून ती गाडीत बसली. दवाखान्याच्या फाटकाशी त्यानं गाडी उभी केली, पण उतरला नाही. त्याला अशा ठिकाणी जंतूंचं भय होतं, डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं.

आवडाबाई दार धरून कशीबशी उतरली. साडी सीटवरच राहू दिली.

"मास्क लाव," ती म्हणाली. "तुझ्यापाशी हाय ती तरी नीट ऱ्हाऊ दे."

उन्हाळ्यात तिच्या छातीत पाणी झालं आणि ती गेली. काकासाहेब आपलेपणानं रडला. तेरावा त्यानं थाटात केला, गोडधोड केलं, बहीण असावी तर अशी असं आल्यागेल्याला सांगितलं. जालन्याच्या एका पाहुण्यानं विचारलं, बाईंना झालं काय होतं?

"काय नाय," काकासाहेब म्हणाला. "वय झालतं."

तिला छप्पन्नावं लागलं होतं.